दिलदारच्या दाताची गुप्त चौकशी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत एकानं दुसऱ्याच्या कानात काही सांगितलं, तरी ते पलीकडच्या बोळात ऐकू जातं. असं असताना चिंचबारव तालमीनं आपल्या नियमांत गुप्त चौकशीचं कलम घातलं होतं, म्हणजे कमालच म्हणायची.

पण घातलं होतं चांगल्या मनानं. तालमीतल्या कुणावर आळ आला, तर आधी पाच जणांनी दार लावून बसायचं, साक्षी घ्यायच्या आणि एवढंच ठरवायचं, की हे प्रकरण सभेपुढं न्यायचं की इथंच मिटवायचं. आत कोण काय बोललं, काय ठरलं, यातलं एक अक्षर बाहेर काढायचं नाही. आखाड्यातली तांबडी माती मुठीत धरून तशी शपथ घ्यायची. उगाच कुणा निरपराध माणसाचं नाव खराब होऊ नये, हा हेतू. दिलदारला हे कलम फार पसंत होतं. म्हणजे, ते दुसऱ्यांना लागू होत होतं तोवर.

कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघही असतात; दिलदार हा चिंचबारवच्या संघाचा एके काळचा बॅक. त्याच्या अंगावर जायला भलेभले फॉरवर्ड कचरायचे. पायाचं बोट मोडलेलं असताना त्यानं अख्खी मॅच काढली होती. ही गोष्ट तो स्वतः सांगायचा, आणि दुसरं कुणी सांगत असलं तर मध्ये दुरुस्त्याही करायचा. आता पोट सुटलं होतं, मिशा पिकल्या होत्या, तो पोरांना शिकवायचा. पण हंगामाच्या पहिल्या मॅचला तालमीचं निशाण खांद्यावर घेऊन संघापुढं मैदानात उतरायचं, तो मान अजून त्याचाच होता. त्या निशाणात त्याचा जीव अडकलेला होता.

यंदा फायनलला घोटाळा झाला. सामना पेनल्टीवर गेला, आणि चिंचबारवच्या पोरांनी मारलेली एकेक पेनल्टी समोरच्या गोलकीपरनं अशी अडवली, की जणू त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. फितुरी झाली म्हणून पेठेत बोंब उठली. कोण कुठल्या कोपऱ्यात मारणार हे आदल्या दिवशी तालमीत बसून ठरलं होतं. त्या बैठकीतून दिलदार मध्येच उठला, तोंडाला टॉवेल गुंडाळला आणि ‘राजारामपुरी’ म्हणून रिक्षात बसून गेला, हे कॅप्टन सम्राटनं डोळ्यांनी बघितलं होतं. आता समोरच्या संघाचा कोच राहतो कुठं, तर राजारामपुरीत. झालं. बसवली चौकशी.

समितीचा अध्यक्ष भाऊसो. माणूस सरळ, पण आवाज असा की त्याला फोनची गरज नव्हती. गेले काही महिने तो चहा तोंडाच्या एकाच बाजूनं प्यायचा आणि कुणी विचारलं तर ‘सवय हाय’ म्हणायचा. उकाड्यामुळं बोळाकडची खिडकी उघडी ठेवावी लागली, तेव्हा गुप्ततेचा बंदोबस्त म्हणून त्यानं तालमीच्या ओट्यावर स्पीकर ठेवला आणि गाणी मोठ्यानं सोडली. आतलं बाहेर जाणार नाही, ही त्याची अक्कल. आता एवढ्या गोंगाटात आतल्यांना एकमेकांचं काय कपाळ ऐकू येणार? सगळे बेंबीच्या देठापासून ओरडायला लागले.

“टॉवेल का गुंडाळलातास?” भाऊसो ओरडला.

“दाढ सुजलीती,” दिलदार ओरडला.

“दाढंसाठनं राजारामपुरीला?”

“दाताची डाक्टरीण हाय तितं.”

“एका दाढंला अख्खी संध्याकाळ?”

दिलदारनं मान खाली घातली. पुढचं त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. पण पाचही जणांच्या मुठीत तांबडी माती होती, तेव्हा त्यानं मन घट्ट केलं आणि सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सुई भरली, ती बघूनच तो खुर्चीत बेशुद्ध पडला. शुद्धीवर आला, पुन्हा सुई दिसली, पुन्हा पडला. शेवटी तिथल्या सोनम नावाच्या पोरीनं त्याचा हात धरला, “काका, तिकडं बघा, भिंतीवर मोर हाय,” म्हणाली, तेव्हा कुठं दाढ निघाली.

“पुरावा?” आकाराम सेक्रेटरीनं विचारलं.

दिलदारनं आ केला. समिती उठली. पाची जणांनी मोबाइलच्या बॅटऱ्या लावल्या आणि त्याच्या तोंडात डोकावून खड्डा बघितला. एकानं तर बोट घालून खात्री केली. दिलदार डोळे मिटून बसला होता.

“म्हंजे सुई बघून बेसुद पडलास व्हय रं?” भाऊसो गरजला. “आन दोनदा?”

“आ,” दिलदार म्हणाला.

इतक्यात आकारामनं ओठावर बोट ठेवलं. बाहेरचा स्पीकर गप होता. पेठेतली लाईट गेली होती, पण आत इन्व्हर्टर असल्यामुळं ती कधी गेली ते कुणालाच सांगता येईना. त्यापुढं समितीनं अवाक्षर काढलं नाही. प्रकरण सभेपुढं न्यावं असं कुणाला वाटतं, ते हात वर करायच्या खुणेनंच विचारलं. एकही हात वर झाला नाही. सगळ्यांनी पुन्हा माती मुठीत धरली, आणि दिलदार सुटला.

सुटला असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी तो चहाच्या टपरीवर गेला, तर चाललेलं बोलणं पटकन थांबलं. कुणी आभाळाकडं बघायला लागलं, कुणी बशीकडं. सराव घेताना पोरं आपापसात खुसपुसायची आणि तो वळला की बूट बांधायला खाली वाकायची. सम्राट तर त्याच्या नजरेला नजर देईना. दिलदार काय ते समजला. पेठेच्या लेखी तो फितूर ठरला होता.

घरी यावं तर बायको, सुलतानबी, गप. त्याचं घर तालमीच्या अगदी समोर, मध्ये बोळ तेवढा. ती मऊ खिचडी वाढायची, त्याच्याकडं बघत बसायची आणि काही विचारायची नाही. ज्या बाईनं जन्मात कधी त्याला सुखानं पेपर वाचू दिला नाही, ती गप बसली, म्हणजे तिलाही संशय आला, हे त्यानं धरून टाकलं. हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

तो भाऊसोकडं गेला. “निकाल तेवढा सांगून टाक की. मी सुटलोय म्हणून.”

“निस्ता निकाल सांगून भागतंय व्हय?” भाऊसो म्हणाला. “लोकं म्हणणार, कशावरनं सोडला? मग दाढ सांगाय लागणार. दाढंमागनं सुई येणार. आन मातीची शपथ हाय ती येगळीच. सांगायचं तर सगळं, न्हाईतर काय न्हाई. बग बाबा, तुला काय चालतंय.”

दिलदारला दोन्ही चालत नव्हतं. फितूर म्हणून तोंड लपवायचं, की सुईला भिणारा म्हणून? मोडक्या बोटानं खेळलेल्या त्या मॅचचं मग काय राहणार? पोरं त्याच्यापुढं पिना नाचवतील. त्यानं दिवस रेटले, आणि रेटता रेटता पुढचा हंगाम तोंडावर आला.

संघाच्या सभेला तालीम खच्चून भरली. खिडक्या उघड्या टाकल्या होत्या. सम्राट उठला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, “यंदा निशाण दुसऱ्या कुणाकडं द्यावं काय, असं काय जणांचं म्हणणं हाय.”

दिलदारचं डोकं असं फिरलं की तो तसाच उभा राहिला.

“ती शपथ माझं नाव ऱ्हावं म्हणून घेतलीसा न्हवं?” तो समितीला म्हणाला. “मग आता मीच सांगतो. आयका समदी. म्या फितूर न्हाई. म्या राजारामपुरीला दाढ काढाय गेलतो. आन तितं सुई बघून बेसुद पडलो. दोनदा पडलो. एका पोरीनं हात धरला तवा दाढ निघाली. आता हसा.”

कुणी हसलं नाही. दिलदारनं घाम पुसला.

“ते म्हाईत हाय की, मामा,” सम्राट म्हणाला. “पुढचं सांगा. निकाल काय लागला?”

“म्हाईत हाय?”

“अख्ख्या पेठंला. लाईट गेली तवा भाऊसोअण्णांचं समदं आयकू आलं. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून तुमच्या म्होरं हसू दाबून ऱ्हायलो. पण निकाल काय कुनी सांगंना. दाढ खरी म्हणून सोडलं असतं, तर सांगितलं असतं की. एवढी गप बसलीसा, म्हंजे आनखी कायतरी घावलं असणार, असं वाटलं.”

म्हणजे झाकायचं ते पेठभर झालं होतं, आणि सांगायचं तेवढं समितीनं जिवापाड झाकून ठेवलं होतं. दिलदारनं पाची जणांकडं बघितलं. पाची जण एकमेकांकडं बघत होते.

“सभेपुढं न्हाई न्यायचं ठरलं,” भाऊसो कसाबसा म्हणाला. “एकाचाबी हात वर न्हवता. पण मग पेनल्टीचं त्यास्नी सांगितलं कुनी?”

“कुनी न्हाई सांगितलं,” बाहेरून आवाज आला. समोरच्या उंबऱ्यावर सुलतानबी उभी होती. तिला आत यायची गरजच नव्हती. “ज्या खिडकीतनं सुई आयकू आली, त्याच खिडकीतनं आदल्या दिशी पेनल्ट्याबी आयकू आल्या. सम्राट डावीकडं, खाली. खरं का न्हाई? बोळात त्या संघाची पोरं मोटारसायकल लावून हुबी हुती, मी बघितलं.”

“मग समितीला सांगायचं न्हाईस?” आकाराम म्हणाला.

“मला कुनी इचारलंय? तुमची चौकशी गुप्त हुती न्हवं.”

दिलदार खिडकीशी गेला. “म्हंजे सुईचं तुलाबी ठाऊक हुतं?”

“व्हय.”

“मग बोलली का न्हाईस गं?”

“तुमी सांगशीला म्हणून थांबलेते,” सुलतानबी म्हणाली. “मला वाटलं, माज्याजवळबी सांगाय भ्या वाटतंय काय.”

एवढे दिवस त्या खिचडीत दिलदार संशय शोधत बसला होता.

सम्राटनं कोपऱ्यातलं निशाण उचललं आणि दिलदारच्या खांद्यावर दिलं. मंडळी उठायला लागली. गर्दीचा फायदा घेऊन भाऊसो दिलदारजवळ सरकला, त्याच्या कानाशी तोंड नेलं, आणि त्याला जेवढं हळू बोलता येतं तेवढं हळू बोलला.

“दिलदार, गुपित हाय बरं का. माजीबी दाढ लई दिस ठणकतीया. ती सुई लई मोठी असती काय रं?”

सगळी सभा जागच्या जागी थांबली.

“न्हाई वो भाऊजी,” बोळापलीकडून सुलतानबी म्हणाली. “ह्यास्नी घिऊन जावा संगं. हात धरत्याल तुमचा.”