शेवटचा हात

सुनावणीच्या आदल्या दिवशी वन्संचा आवाज बसला.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. सरकारी इस्पितळाच्या लाँड्रीत अठ्ठावीस वर्षं काढलेली, आम्हा बत्तीस बायकांची पुढारी. तिथे त्यांना सगळे भोंगा म्हणत. ड्रायर, इस्त्रीचे रूळ आणि पाण्याचे पंप एकदम चालू असले तरी त्यांची हाक या टोकापासून त्या टोकाला जायची. त्या आवाजाच्या भरवशावर आम्ही तीन दिवस विधिमंडळाच्या फाटकासमोर बसलो होतो. नव्या विधेयकातलं नववं कलम आमच्यावर उठलं होतं. सगळ्या सरकारी इस्पितळांच्या लाँड्र्या बंद करायच्या आणि कपडे बाहेरच्या कंपनीला धुवायला द्यायचे, असं ते कलम. समितीने आमचं ऐकायला पाच मिनिटं दिली होती, तीही एकीलाच.

आणि जिने बोलायचं, तिच्या गळ्यातून आता नुसती फुंकर निघत होती.

वन्संनी घोषणेच्या फलकाच्या पाठीवर लिहिलं, 'वहिनी जाईल.'

"मी? अहो, मला नाही हो जमायचं," मी म्हटलं.

"काय म्हणाली?" मागच्या तिघींनी एकदम विचारलं.

माझं बोलणं हे असं. दोन हातांवरच्या माणसालाही ऐकू जात नाही. लाँड्रीत मला मुंगी म्हणतात.

"घ्या! भोंगा गेला आणि मुंगी आली," रुळावरची ठेंगणी म्हणाली.

"हत्तीला जेरीला आणायला मुंगीच लागते गं."

"कानात शिरू दिली तर!"

वन्संनी मला बाजूला ओढलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "हे बघ, सगळं सांग. किती चादरी, किती सुया, सगळं. पण ते बाळाचं तेवढं तोंडातून काढू नकोस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

"तुमच्या गळ्यात आता राहिलंय काय, वन्सं?"

त्या हसल्या, पण हसूही बाहेर आलं नाही. शपथ मात्र मी घेतली नाही.

बाळाची गोष्ट अशी. मळके कपडे आम्ही हातमोजे घालून जाळीवर झटकतो, मग ते धुतात, वाळवतात, रुळाखालून काढतात. घडी घालण्याआधी प्रत्येक चादरीवर दोन्ही बाजूंनी उघडा तळहात फिरवायचा. त्याला आम्ही शेवटचा हात म्हणतो. वॉर्डाच्या घाईगर्दीत चादरीत सुया राहतात, पातं राहतं, कधी कुणाची कवळीही येते. यंत्राला ते कळत नाही, तळहाताला कळतं. अकरा वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात, पाळी संपायला दहा मिनिटं उरली असताना मी एका लहान चादरीची हात न फिरवताच घडी घातली. दुसऱ्या दिवशी बाळंतिणींच्या वॉर्डात एका दिवसाच्या बाळाच्या पोटरीला सुई लागली.

चादर कुणाच्या हातची हे वरच्या साहेबांना कधीच कळलं नसतं. मीच जाऊन सांगितलं. वन्सं साहेबांपुढे आडव्या पडल्या म्हणून नोकरी राहिली. सहा महिने त्या बाळाचं रक्त तपासत होते. सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या, देवाची दया. पण त्या सहा महिन्यांत मी रोज पहाटे देवासमोर बसून दोन नेम केले. हात फिरवल्याशिवाय माझ्यापुढून चादर जाणार नाही, आणि ती सुई मी कधी नाकारणार नाही. तेव्हापासून सकाळी आधी ते बाळ आठवायचं, मग चहा.

सुनावणीच्या सकाळीही तसंच केलं आणि निघाले. वन्सं सोबत होत्या. त्यांना मागच्या बाकावर बसवलं.

दालनात एक लांबलचक टेबल होतं, त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरंशुभ्र कापड. पलीकडे समितीचे नऊ सदस्य, मधोमध अध्यक्षबाई. आधी उपसचिवसाहेब बोलले. पडद्यावर आकडे दाखवले, रंगीत खांब दाखवले. शेवटी कापडावर थाप मारून म्हणाले, "अध्यक्षबाई, पुरावा कशाला हवा? पुरावा तुमच्या कोपराखाली आहे. शहराबाहेरच्या एका इस्पितळाचे कपडे गेले तीन महिने हीच कंपनी धुते आहे, आणि या इमारतीचेही. एक तक्रार नाही."

खोटं कशाला बोलू, कापड आमच्यापेक्षा पांढरं होतं.

माझं नाव पुकारलं. बोलायच्या जागी जायला टेबलाला वळसा घालावा लागला, आणि तिथे तो वास आला. अगदी हलका. वॉर्डाच्या कपड्यांना जे जंतुनाशक घालतात, त्याचा. एवढी वर्षं केसांत घेऊन घरी गेले, मला नाही कळणार? वॉर्डाचा वास सभेच्या टेबलाला कसा?

"बोला," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मी बोलायला लागले.

"बाई, जरा मोठ्याने."

"हाच माझा मोठा आवाज आहे," मी म्हटलं. दोघे-तिघे हसले. शिपायाने माईक माझ्या ओठांना टेकवलाच जवळजवळ. मग मात्र सगळे पुढे वाकले, कुजबुज थांबली. मी चादरींचं सांगितलं, जाळीचं सांगितलं, शेवटच्या हाताचं सांगितलं. मागच्या एका वर्षात सापडलेल्या त्रेसष्ट सुयांचं सांगितलं.

उपसचिवसाहेबांनी खुर्ची वळवली. "म्हणजे तुमच्या हातून कधी काही सुटलंच नाही म्हणा की!"

मागे वन्सं खोकल्या. आवाज नसताना माणूस इतक्या जोरात खोकू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"सुटलंय," मी म्हटलं. आणि बाळाचं सगळं सांगून टाकलं.

जाड चष्म्याच्या एका सदस्याने खाली बघून काहीतरी लिहिलं. उपसचिवसाहेब हात पसरून म्हणाले, "झालं तर मग. आम्ही काय वेगळं सांगत होतो?"

घंटा वाजली. एकच मिनिट उरलं होतं. मागे वळून बघायची माझी हिंमत नव्हती.

"साहेब," मी विचारलं, "तुमच्या कंपनीत शेवटचा हात कोण फिरवतं?"

"कोणी नाही. सगळं यंत्रावर. तिथे माणसाचा हात लागतच नाही."

"मग मी लावू का?"

"कशाला?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"या कापडाला वॉर्डाचा वास येतोय, बाई. इस्पितळाच्या चादरी आणि हे कापड एकाच यंत्रातून निघालंय, असं वाटतं मला."

"ही काय जादूचे प्रयोग करायची जागा आहे?" उपसचिवसाहेब म्हणाले.

अध्यक्षबाईंनी समोरची फाइल उचलून मांडीवर घेतली. "फिरवा हात."

सदस्यांनी कागद उचलले, पेले उचलले. मी डाव्या टोकापासून सुरुवात केली. मनात देवाचं नाव आणि तळहाताखाली कापड, रोजच्यासारखं. मधलं सगळं कापड गुळगुळीत निघालं. एक सदस्य घड्याळ बघू लागले. उपसचिवसाहेब तर हसतच होते. पण आमच्याकडे नव्या पोरीला पहिल्या दिवशी सांगतात की मधल्या कापडावर विश्वास ठेव, किनारीवर ठेवू नकोस. दुमडून शिवलेल्या पट्टीत काही शिरलं की धुऊनही बाहेर येत नाही.

मी किनार धरली आणि बोटाबोटाने सरकत निघाले. जाड चष्म्यावाल्यांच्या पुढून गेले, पुढच्यांच्या पुढून गेले. अध्यक्षबाईंच्या समोर बोट थांबलं.

"बाई, कोपर उचला. हळूच."

त्यांनी उचललं. मी शिवण दोन नखांनी उसवली आणि बाहेर आली ती सलाइनची सुई, अर्धी मोडलेली. शिपायाने पुढे केलेल्या बशीत टाकली. एवढासा आवाज झाला, पण अध्यक्षबाईंचा माईक जवळच होता.

नऊच्या नऊ जणांनी टेबलावरचे हात मांडीवर घेतले. शाळेत छडी दिसली की मुलं घेतात ना, तसे.

"उपसचिवसाहेब," अध्यक्षबाई बशीकडे बघत म्हणाल्या, "पुरावा खरंच माझ्या कोपराखाली निघाला हो."

पाच मिनिटं कधीच संपली होती. घंटेवरचा माणूस घंटा विसरला होता.

"तुम्हाला अजून काही सांगायचंय?" त्यांनी मला विचारलं.

"एवढंच, की सुई आमच्याकडूनही सुटेल, माणसं आहोत. पण सुटली तर कुणाच्या हातून सुटली ते आम्हाला माहीत असतं. जिच्या हातून सुटते तिला तर मरेपर्यंत माहीत असतं. इथे कुणाला विचारायचं?"

दुपारी समितीने मत घेतलं. आठ विरुद्ध एक. नववं कलम वगळलं आणि कंपनीचं काम त्याच दिवसापासून थांबवलं.

फाटकाबाहेर सगळ्या जणी उभ्याच होत्या. निकाल सांगायचा मान वन्संचा. त्यांनी तोंड उघडलं, फुंकर निघाली. मग त्यांनी फलकावरच्या नऊच्या आकड्यावर काळ्या पेनाने अशी काट मारली की पुठ्ठा फाटला. त्यावर जो जल्लोष उठला, तो तीन दिवसांत उठला नव्हता. ठेंगणीने मला उचलून गरगर फिरवलं. "मुंगीने हत्ती लोळवला गं!" रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले, एक गाडीवाला कारण न कळताच टाळ्या वाजवत होता. आणि मी, देवा, मी ओरडले! गळा दुखेपर्यंत ओरडले.

"काय म्हणाली?" कुणीतरी विचारलं, आणि आम्ही पुन्हा हसत सुटलो.

दुसऱ्या पाळीला पोचायचं होतं. फाटकावरचा घोषणांचा पडदा उतरवला. तो म्हणजे आमचीच बाद झालेली एक जुनी चादर. वन्संनी दोन कोपरे धरले, मी दोन. त्या घडीला पुढे आल्या तशी मी म्हटलं, "थांबा."

"अगं, ही तर बाद चादर!" वन्सं फुसफुसल्या. "चल, चहा प्यायचाय."

मी हात फिरवला. वरच्या किनारीत टोचलं. टाचणी होती, लाल डोक्याची. अशा टाचण्यांची डबी वन्संच्या पिशवीशिवाय कुणाकडे नव्हती.

"वन्सं," मी टाचणी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली, "ही कुणाच्या हातून सुटली?"

भोंग्याने आपल्या दोन्ही हातांनी आपलेच कान धरले, आणि मग आम्ही चहाला गेलो.