समीक्षाच्या मागं आठजण

समीक्षाचा भात उत्तम यायचा, भेंडी उत्तम यायची, पण चार माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की तिचा आवाजच फुटायचा नाही. म्हणून तरुण शेतकऱ्यांसाठी नेतृत्वाचं शिबिर भिवपुरीजवळ तिच्याच गावच्या समाजमंदिरात होतंय म्हटल्यावर तिच्या आईनं, म्हणजे छायानं, परस्पर तिचं नाव देऊन टाकलं.

शिकवायला आले ऋतिक सर. शहरातले, पांढऱ्याशुभ्र बुटातले, गळ्यात शिट्टी.

"ओळखी हेच भांडवल!" सर म्हणाले. "चला, प्रत्येकानं एका अनोळखी माणसाशी बोला."

शिबिराला आलेले नऊजण एकमेकांकडं बघत बसले. हिरू समीक्षाचा मावसभाऊ, धाऊ हिरूचा मेहुणा, आणि बाकीचेही असेच कुणाचे ना कुणाचे सोयरे. अनोळखी म्हणावा असा एकच, खोपोलीहून आलेला शेळ्या पाळणारा फराज. मग काय, आठहीजण त्याच्यासमोर रांग लावून उभे राहिले. "मी फराज, चाळीस शेळ्या," हे नऊ वेळा सांगून बिचाऱ्याचा घसा बसला. रांगेतून धाऊ तर दोनदा येऊन गेला.

दुपारी चिठ्ठ्या टाकल्या आणि नेतेपद नेमकं समीक्षाच्या वाट्याला आलं. सरांनी तिच्या कमरेला दोरीचं एक टोक बांधलं. बाकीच्या आठांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून दोरी त्यांच्या हातात दिली.

"समाजमंदिराला एक फेरी मारायची. नेत्यानं बोलायचं नाही, मागच्यांनी विचारायचं नाही. फक्त विश्वास!"

बोलायचं नाही म्हटल्यावर समीक्षा खूश. वरात निघाली. कोपऱ्यावर वळते न वळते तोच शेताकडून छायाची आरोळी आली.

"समीक्षाऽ! म्हैस वालात घुसली गंऽ!"

समीक्षा धूम पळाली. कमरेला दोरी आहे, दोरीला माणसं आहेत, याचं तिला भान कुठलं? आणि माणसंही अशी इमानी, की एकानंही दोरी सोडली नाही की प्रश्न विचारला नाही. पाटातून पचाक पचाक, बांधावरून धडपडत, आठजण तिच्यामागं. त्यांच्यामागं शिट्टी फुंकत सर.

म्हशीनं मान वर केली. डोळे बांधलेली, चिखलानं माखलेली ती माळ आपल्यावर चालून येतेय म्हटल्यावर ती बिथरली आणि नेमकी सरांच्या दिशेनं सुटली. सर जवळच्या पेंढ्याच्या उडवीवर चढले. निम्मे चढले, पाय खाली लोंबतच राहिले. फराजला खुरांचा आवाज ऐकू आला. जनावराचा माणूस तो! दोरी सोडून त्यानं झेप घेतली आणि हाताला लागेल ते गच्च धरलं.

"धरली! धरली! पण हिनं बूट घातलेत रं!"

"अहो, मी आहे मी!" सर वरून ओरडले.

म्हैस वळून पुन्हा वालात शिरली. आता मात्र समीक्षाला राहवेना.

"पट्ट्या काढा रं सगळे! हिरू, तू बांधाकडनं ये! फराज, सरांना सोड, फाटकात उभा ऱ्हा! धाऊ, तू काय करू नको, निस्ता थांब!"

सगळ्यांनी निमूट ऐकलं. म्हशीनंसुद्धा. पाच मिनिटांत ती गोठ्यात होती. कानात घुमणारा आवाज आपलाच, हे समीक्षाला मागाहून कळलं आणि तिचे कान तापले.

"इतकी वर्सं हा आवाज कुठं ठेवलावतास गं?" छायानं विचारलं.

तोवर उडवीच्या टोकावर जाऊन बसलेल्या सरांना शिडी लावून उतरवलं. तुडवलेल्या वालाचं करायचं काय? शेंगा वेचल्या, भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात भरल्या आणि बांधावरच जाळ करून पोपटी लावली. गरम शेंगा सोलता सोलता गप्पा सुरू झाल्या. फराज म्हणाला, "खोपोलीला आमच्या मोहल्ल्यात ताजी भाजी मिळत नाय."

"आन् आमाला लेंडीखत मिळत नाय," हिरू म्हणाला.

"मग टेंपो एकच करू," समीक्षा बोलून गेली. "भाजी जाईल, खत येईल. शुक्रवारी. फोन मी करीन सगळ्यांना."

पहिल्या शुक्रवारी उजाडता उजाडता टेंपो भरला. वाल, भेंडी, मिरच्या. धाऊ तेवढा उठलाच नव्हता. समीक्षानं फोन ठेवला आणि त्याच्या अंगणात जाऊन एकच हाक मारली. धाऊ उठला. पलीकडच्या आळीतली चार माणसंही उठली, आणि त्यातली दोघं आपापली भाजी घेऊन आली.