बिल्ला सत्तेचाळीस

मुंबईहून आलेल्या केळुसकरसाहेबांना उकंडरावांनी पहिल्या दिवशीच मनातून निकालात काढलं. पासष्ट सालचा मे महिना, मालधक्क्याची फरशी तापलेली, आणि हा गडी लोकरी मोजे घालून उतरलेला!

उकंडराव यार्डात डब्यांचे नंबर लिहीत. मालगाडी आली की इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत चालायचं, डब्या-डब्यावर रंगवलेला नंबर वहीत उतरवायचा. बावीस वर्षं हेच केलेलं. केळुसकर एका खाजगी वाहतूक कंपनीचे. त्यांची नवी तऱ्हा अशी, की माल भरला की दाराच्या कडीला आकडा घातलेला पत्र्याचा लाल बिल्ला तारेनं बांधायचा. वाटेतली कंपनीची माणसं नुसता बिल्ला बघून तार करणार, आणि साहेब भिंतीवरच्या नकाशात टाचणी पुढं सरकवणार.

"डबा कुठं आहे ते मला खुर्चीत बसून कळतं," साहेब म्हणाले. "तुमची ही पायपीट आता संपलीच म्हणा."

"नंबर डब्यावर रंगवेल रायते, साहेब. बिल्ला कोणीबी सोडते, कोणीबी बांधते."

"तुमचं शिक्षण किती?"

"चवथी."

साहेब नुसते हसले. ते हसू उकंडरावांना झोंबलं.

जूनच्या आरंभी सोनाळ्याच्या सोसायटीचं भुईमुगाचं बियाणं गुजरातेतून निघालं. बिल्ला सत्तेचाळीस. टाचणी सरकत सरकत आली, साहेबांनी सोनाळ्याला निरोप धाडला, आणि दोन दिवसांनी संध्याकाळी सत्तेचाळीस यार्डात हजर झाला. उकंडरावांनी डब्यावर रंगवलेला नंबर वाचला. सोसायटीच्या पावतीवरचा डब्याचा नंबर त्यांना पाठ होता. हा तो नव्हता. दाराच्या फटीतून मिठाचे पांढरे ओघळ आलेले.

त्यांनी नंबर लिहिला, वही मिटली आणि घरी गेले. जेवताना बायकोला, रुखमाबाईला सांगितलं.

"अन् सोनाळ्याच्या लोकाईचं काय?" तिनं विचारलं.

"एकडाव त्या टाचणीवाल्याची जिरू दे."

दुसऱ्या दिवशी चौदा बैलगाड्या येऊन उभ्या राहिल्या. पुढं सोसायटीचे मोतीराम. शेवटची गाडी तानाबाईची, नवऱ्यामागं शेत एकटीनं करणारी, बैलही स्वतःच हाकत आलेली. दार उघडलं, तर आत मिठाची पोती.

साहेबांनी बिल्ला उलटासुलटा करून पाहिला. "बिल्ला तर बरोबर आहे!"

"मंग मीठ पेराव का आमी?" मोतीराम ओरडले.

उकंडराव खदखदून हसले. "मले तं कालच दिसलं होतं!"

त्यांच्याबरोबर कुणीच हसलं नाही. तानाबाई वळली. "कालच? काल आमी वाटंत जळगावात मुक्कामाले होतो. निरोप आला असता तं तिथूनच फिरलो असतो. तुमाले दिसलं, अन् तुमी सांगतलं नाई?"

उकंडरावांनी साहेबांकडं बोट दाखवलं. "यायले कोण शिकवन?"

"ते तं येडे हायत," ती साहेबांसमोरच म्हणाली. "तुमाले तं समजत होतं."

चपलेला लागलेल्या घाणीकडं बघावं तसं तिनं उकंडरावांकडं बघितलं. त्यांच्याच्यानं तिथं उभं राहवेना. गार्डांना विचारत ते मालगाडीनं मागं गेले. दोन स्टेशनांपलीकडं बियाण्याचा डबा चाकाचा आस तापला म्हणून गाडीतून काढून ठेवला होता, पाच दिवसांपासून.

"मग याचा बिल्ला?" त्यांनी कंपनीच्या माणसाला विचारलं.

"साहेबाचा हुकूम हाय, बिल्ला मांगं राहू नये. म्हून दुसऱ्या डब्याले बांधून देल्ला."

माल दुसऱ्या डब्यात भरून घेऊन उकंडराव चौथ्या दिवशी परतले. तोवर गाडीवाले धक्क्यावरच पडून होते, बैलांचा कडबा संपला होता. साहेब मात्र नकाशा गुंडाळून कालच गेले होते. बिल्ला वेळेवर पोचला, असं त्यांनी मुंबईला कळवलं होतं म्हणे.

तानाबाई पोती गाडीत चढवत होती. उकंडराव हात लावायला पुढं झाले.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमी हसा."

तिनं पोतं एकटीनं वर लोटलं आणि पुढच्याकडं वळली.