ताडपत्रीखालची ऊब

थंडी अशी की बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी धरलेली. कालच ओतलेला स्लॅब गोठला असता, तर सगळा भुसभुशीत होऊन वाया गेला असता. म्हणून त्याच्याभोवती बांबू रोवून ताडपत्रीचा तंबू ठोकला होता आणि आत कोळशाच्या चार शेगड्या धगधगत होत्या. मुकादमाने दहादा बजावलेलं : आत जायच्या आधी तंबूची दोन्ही तोंडं उघडून पाव तास थांबायचं. पण पाव तासात सगळी ऊब बाहेर! वहिनी तशीच आत घुसली, स्लॅबवरचं गोणपाट ओलं करायला.

बाहेर तंबूचा दोर धरून तिची नणंद दात वाजवत उभी. तिला सगळे धाकटीच म्हणत.

"वहिनी, झालं का? की तिथेच संसार थाटलास?"

"मस्त ऊब आहे गं! तू कुडकुड बाहेर. तेवढंच तुझं तोंड गारठेल!"

धाकटी फिसकन हसली. "दादाला सांगू का, वहिनी आता येत नाही म्हणून?"

उत्तर आलं, पण उशिरा. "सांग... सांग की..." आणि एक भलतंच हसू. असं वहिनी कधीच हसत नसे.

"काय सांगू?"

"डोकं... जड..."

मग धप्प!

पडदा उचलून धाकटीने डोकं आत घातलं. धूर नाही, वास नाही, नुसती गोड ऊब. चार पावलांवर वहिनी पालथी पडलेली. धाकटीने पाय उचलला आणि तिथेच थिजली. वहिनीला आडवं करणारी कोळशाची विषारी हवा तिला थोडीच सोडणार होती? दोघी आत पडल्या तर बाहेर कळणार कुणाला?

ती मागे फिरली. दोर कापायला ठेवलेला विळा उचलला. पहिला घाव बांबूवरच बसला. "मुकादम! धावा!" एक दोर तुटला, दुसरा, तिसरा. वाऱ्याने ताडपत्री फडफडत उलटली. मगच ती आत धावली आणि वहिनीच्या काखांत हात घालून तिने तिला फरफटत बाहेर ओढलं.

"अगं भवाने, स्लॅब गोठेल! कुणी उघड—" मुकादमाने वहिनीचा चेहरा पाहिला. तो गाडीकडे पळाला.

"वहिनी, श्वास घे ना गं! शिव्या दे मला, काहीही कर!"

किती वेळ गेला कोण जाणे. मग वहिनीने घरघरत श्वास ओढला आणि धाकटीच्या मांडीवरच ओकली.

"डोकं फुटतंय," ती पुटपुटली.

उघडा पडलेला स्लॅब वाफाळत होता. तिकडे कुणी बघितलंही नाही. गाडीत, दवाखाना येईपर्यंत धाकटीने वहिनीच्या नाकाखाली धरलेलं बोट काढलं नाही.