कोंडेवाडीचं पन्नासावं मत

मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कोंडेवाडीच्या यंत्रातली पन्नास खोटी मतं आपल्या पायांनी मोजणीच्या गोदामात चालत आली. बाया होत्या, बाप्ये होते, एक म्हातारा काठी टेकत आला. सगळ्यांच्या बोटांवरची शाई ओली. रेशनच्या दुकानापुढे बसावीत तशी भिंतीलगत बसून राहिली.

विशाखा घोडविंदेने त्यांना लगेच ओळखलं. ओळखणारच, तिचंच तर कर्तृत्व. कोंडेवाडीच्या केंद्रावर केंद्राध्यक्ष तीच होती. मतदानाच्या दिवशी सकाळी, गावकरी यायच्या आधी, मॉकपोल करायचा असतो. पक्षांच्या प्रतिनिधींनी पन्नास लटकी मतं द्यायची, यंत्र इमानी आहे हे बघायचं, मग क्लिअरचं बटण दाबून ती मतं पुसायची आणि यंत्र सील करायचं. नेमका तेव्हाच सासूबाईंचा फोन आला, बाळ वाटीने दूध घेत नाही म्हणून. आठ महिन्यांचं पोर. अंगावर पितं बाळ आहे, ड्यूटी नको, असा अर्ज विशाखाने केला होता. तो कुठल्या ढिगाखाली गेला देव जाणे. तिने फोन ठेवला, सील केलं, पुसायचं राहिलं.

आता चूक ती चूक. एरवी कुणाला तिचं काही वाटलं नसतं. पण राज्यात दोन्हीकडे सारख्याच जागा आल्या होत्या, सरकार कुणाचं ते या एका मतदारसंघावर अडलं होतं, आणि इथलं अंतर निघालं पन्नासाच्या आत. म्हणून विशाखाला कालच बोलावून गोदामात बसवलं होतं. हिशेब जुळेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही.

"त्यांना पाणी द्या," निवडणूक अधिकारी सावडेकर साहेब म्हणाले.

"साहेब, ही माणसं खोटी आहेत."

"ते मोजल्यावर कळेल, बाई."

मोजायची रीत साधी होती. एकेकाला टेबलापुढे बोलवायचं नि वडिलांचं नाव विचारायचं. काठीवाला म्हातारा बराच वेळ आठवत राहिला. मग त्याचा रंग उतरला, तो पातळ झाला आणि बसच्या तिकिटाएवढी चिठ्ठी होऊन टेबलावर पडला. साहेबांनी ती काळ्या लिफाफ्यात टाकली. लटक्या मतांना काळाच लिफाफा लागतो, नियमच आहे तसा. एक चिठ्ठी भोईरांच्या पक्षाची निघे, पुढची शेलवल्यांच्या. हे दोघे उमेदवारांचे प्रतिनिधी, समोरासमोर बसून चहा पीत होते. ज्याचं मत जाई तो म्हणे, "परत मोजा." की पुन्हा सगळं पहिल्यापासून. प्रत्येक फेरमोजणीला गोदामाचं दार थोडं अरुंद होई. शिपाई चहाचा ट्रे उभा धरून आत आणू लागला. चहा काही सांडला नाही.

विशाखाची छाती काल दगडासारखी झाली होती. बाथरूममध्ये जाऊन तिने दूध पिळून टाकलं, वर पाणी ओतलं, तेव्हा तिला रडू आलं. आज काहीच येत नव्हतं. आपल्याला घरी जायचंय, लेकराला जवळ घ्यायचंय, हे तिला पाढ्यासारखं पाठ होतं, एवढंच.

संध्याकाळी भिंतीशी एकच बाई उरली. ती उठून पुढे आली.

"ही तर आपल्या बाईंसारखी दिसते," शेलवले म्हणाले.

दिसणारच. प्रतिनिधींनी मॉकपोलची बटणं हसतखेळत दाबली होती. शेवटी एक मत कमी पडलं, ते विशाखाने दिलं. ड्यूटीच्या गडबडीत तिचं स्वतःचं मतदान बुडणार होतं, म्हणून हे तिने अगदी मनापासून दिलं.

"वडिलांचं नाव?"

"बाळाराम गोविंद दळवी," बाई म्हणाली. बरोबर होतं.

"घरी कोण?"

"सासूबाई, हे, आणि आरुष. पिताना माझा कान धरतो, सोडतच नाही."

तेही बरोबर होतं. विशाखाचा हात आपसूक कानाकडे गेला.

भोईरांनी आकडेमोड केली. एकोणपन्नास गेल्यावर दोघांची मतं सारखी झाली होती. ही बाई खरी ठरली तर भोईरांचा उमेदवार एका मताने जिंकणार होता, आणि सरकार त्यांच्या पक्षाचं.

"ती खरी, तर मग मी कोण?" विशाखाने विचारलं.

"तेच ठरवायचंय," साहेब म्हणाले. "हजेरीपटावर विशाखा घोडविंदे एकच आहे. एकीने घरी जायचं, एकीने लिफाफ्यात."

दोघींना सगळं विचारून झालं. दोघींचं सगळं बरोबर आलं. साहेब कंटाळले.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? घरी फोन लावा."

साहेबांच्या फोनवर सासूबाई आल्या. मागे बाळ रडत होतं, घसा बसलेलं रडणं. "अगं, दिवसभर काही घेतलं नाही गं त्यानं," सासूबाई म्हणाल्या.

त्या बाईच्या ब्लाउजवर दोन ओले गोल उमटले आणि वाढत गेले. तिने लाजून पदर ओढला. विशाखानेही पदर ओढला. आत कोरडं होतं. तिने बाळाच्या टाळूचा वास आठवला, त्याची झोपेतली मूठ आठवली. कोरडंच.

शेलवल्यांनी मान खाली घातली. सरकार हातचं जात होतं. "लेकराच्या दुधावर मी हरकत घेत नाही," ते म्हणाले.

"साहेब, ते दूध मी कालच..." विशाखा म्हणाली.

त्या बाईने तिच्या खांद्यावरची पर्स हलकेच काढून घेतली. "तुम्ही आडव्या व्हा," ती म्हणाली. "मी जाते. भुकेलाय तो."

विशाखा टेबलावर आडवी झाली. बरंच झालं, तिला वाटलं, पोराच्या पोटात काहीतरी जाईल. असं वाटलं याचं तिला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणंसुद्धा पातळ होतं.

"निघालीस का गं?" फोनमधून सासूबाईंनी विचारलं.

"निघाले," दारातून बाई म्हणाली. दार एका बाईपुरतंच उरलं होतं.

"निघाले," विशाखाही म्हणाली.

बाहेर भोईरांचे फटाके सुरू झाले. धूर आत येतो म्हणून कुणीतरी पंखा मोठा केला. विशाखाची एक कड टेबलावरून उचलली गेली, आणि शेलवल्यांनी हातातला चहाचा पेला तिच्यावर ठेवला.