पाऊण तासात अर्धी टाकी

“पाऊण तासात अर्धी टाकी रिकामी होते. मग तासात अर्ध्याहून जास्तच जाणार की हो, साहेब!”

सटवाजीनं तिसऱ्यांदा सांगितलं. नव्या सुपरवायझरनं, श्रीनिधीनं, तिसऱ्यांदा मोबाईल पुढे केला.

“अर्धा गुणिले पाऊण. तीन अष्टमांश. एका तासात एवढंच पाणी जातं, अण्णा.”

“म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवला की पाणी कमी जातं? अय्यो!”

“वरच्या गल्ल्यांना दोन तास देणार. पाऊण टाकी जाईल. खालच्यांना पाव उरतंच की.”

सकाळचे सहा. टाकी पूर्ण भरलेली. श्रीनिधीनं वरच्या गल्ल्यांचा व्हॉल्व्ह उघडला.

आठ दिवसांनी आज केलगेरीत पाणी. बावीस वर्षं सटवाजीनं वरच्यांना पाऊण तास सोडलं, मग खालच्यांना पाऊण तास. त्याची स्वतःची गल्ली खालच्यांतली, सगळ्यात शेवटी. सात घरं. आधी तिथं सोडलं असतं तर लोकांनी बोट दाखवलं असतं. काल त्याची नोकरी संपली. आज फक्त व्हॉल्व्ह दाखवायला बोलावलं होतं. व्हॉल्व्हची लोखंडी चावी आता श्रीनिधीच्या हातात.

पावणेसात.

“टाकीचा काटा बघा, साहेब. अर्ध्यावर आला.”

“काटा जुना झालाय.”

“मी पण जुना झालोय. माझं ऐकू नका, त्याचं तरी ऐका!”

सात. काटा अर्ध्याच्या बराच खाली.

“चावी द्या इकडं. वरचा बंद करतो.”

“वरच्यांना दोन तासांचा शब्द दिलाय, अण्णा.”

“आणि खालच्यांना?”

श्रीनिधी मोबाईलमध्ये बघत राहिला. तीन अष्टमांश, दोन वेळा. उत्तर तेच येत होतं.

साडेसात. पाइपातून नुसती हवा.

श्रीनिधीनं मोबाईल खिशात घातला. काट्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. “चुकलं वाटतं, अण्णा. पुढच्या वेळी बघू.”

पुढची वेळ म्हणजे आठ दिवस. सटवाजी आपल्या गल्लीकडे चालू लागला. बोलण्यासारखं सगळं तो तीन-तीनदा बोलला होता.

गल्लीत पहाटेपासून घागरी रांगेत होत्या. अनसूयाक्का नळाखाली हात धरून उभी.

“काय रे सटवाजी? नोकरी संपली म्हणून आमचं पाणी पण बंद केलंस काय?”

तो सरळ घरात गेला. बायको, चंद्रभागा, दारातच होती. “अवो, कुठं नेताय पिंप? तेवढंच हाय घरात!”

“किती हाय?”

“साडेचार घागरी असंल.”

“आणि घरं?”

“सात. आपलं धरून.”

सटवाजीनं पिंप ओढत गल्लीत आणलं. तांब्या घेतला. कागद नाही, मोबाईल नाही. प्रत्येक घागर पाणी गळ्याखाली चार बोटांवर येईपर्यंत भरली. पाऊण. अनसूयाक्काची, पद्माची, नागेशची, पुढची, त्याच्या पुढची. सहावीत शेवटचा तांब्या ओतला तेव्हा पिंपाचा तळ खरवडल्याचा आवाज आला.

“सहाच झाल्या,” चंद्रभागा म्हणाली.

“हिशोब बरोबर हाय.”

आपली घागर त्यानं रांगेतून उचलली आणि घरात नेऊन नेहमीच्या जागी पालथी घातली.