एकशे त्रेपन्न सेंटिमीटर

गर्जे सर मैदानावर टेप घेऊन आले तेव्हाच ज्ञानेश्वरीचं डोकं फिरलं. टेप या वस्तूशी तिचं वैर होतं आणि ते ताजं होतं. दोनच महिन्यांपूर्वी पोलीस भरतीत एका बाईंनी तिला भिंतीवरच्या टेपपाशी उभं केलं, टाळूवर लाकडी पट्टी टेकवली, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "एकशे त्रेपन्न. दोन कमी. चला, पुढची." दोन वर्षं पहाटे उठून गेवराई रोडला धावलेली पोरगी चार सेकंदांत रांगेबाहेर. धावायलासुद्धा दिलं नाही.

आता राहिलं होतं बास्केटबॉल. शेवगावच्या कॉलेजात तिचं बी.ए.चं शेवटचं वर्ष, संघाची कप्तान तीच. नगरला होणाऱ्या स्पर्धेतून विद्यापीठाच्या शिबिरासाठी सोळा जणी निवडणार होते. त्या सोळांत नाव लागलं की बी.पी.एड.च्या प्रवेशाला वजन येतं, आणि खेळाची शिक्षिका व्हायचं हे तिने भरतीच्या मैदानावरून परत येताना एसटीतच ठरवून टाकलं होतं. पुढच्या वर्षी संधी नव्हती. जे काय व्हायचं ते याच डिसेंबरात.

"एकेक करून खांबाला पाठ लावा," सर म्हणाले.

"कशाला सर? खांब पडतोय का?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

पोरी फिदीफिदी हसल्या. सर हसले नाहीत. माणूस तसा वाईट नव्हता. मूळचा कबड्डीचा गडी, कॉलेजला सिमेंटचं मैदान मिळालं म्हणून बास्केटबॉल शिकवायला लागलेला. गेल्या साली नगरच्या कॉलेजने यांना वीस गुणांनी धुतलं होतं. त्यांच्याकडे तेरा नंबरची एक सहा फुटी पोरगी होती. ती बास्केटखाली नुसता हात वर करून उभी राहायची आणि शेवगावच्या पोरी तिच्याभोवती कोंबड्यांसारख्या पळायच्या. त्यातून सरांनी एकच धडा घेतला, उंचीला उंचीच पाहिजे. तालुक्यातल्या सगळ्या भरती अकॅडम्या खिशात टेप घालून ते फिरून आले होते. आणि त्यांना आपल्याच कॉलेजात नाव असलेल्या दोघी सापडल्या. सुकन्या पाच फूट नऊ आणि धनश्री पाच फूट अकरा. सुकन्या गोळा फेकायची, धनश्री भाला. बास्केटबॉल दोघींनीही कधी हातात धरला नव्हता.

"या दोघी बास्केटखाली खेळतील," सर म्हणाले. "ज्ञानेश्वरी, तू गरज पडली तर."

"गरज पडली तर म्हंजे?"

"म्हणजे बाकावर."

कप्तान बाकावर! ज्ञानेश्वरीच्या कानशिलात जाळ झाला. पण भांडायचं कोणाशी? धनश्रीचा तर काडीचा दोष नव्हता. बिचारी पास आला की डोळे मिटायची. तिला शिकवायचं म्हणजे सर ओरडायचे, "धनश्री, हात वर! अजून वर!" आणि ती हात वर करून देवळाच्या खांबासारखी उभी राहायची. चेंडू कुठे गेला हे तिला शेवटी कळायचं. महिनाभर हेच चाललं. ज्ञानेश्वरी रोज तासभर आधी यायची, लांबून बास्केट मारायचा सराव करायची, आणि मग दात ओठ खात बाकावर बसायची.

पंकजा म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण, पाच फूट दोन, पायाला भिंगरी लावलेली. ती म्हणाली, "आपून सरांना सांगू की."

"सांगायचं काय? टेपमधी काय दिसतं ते त्यांना दिसतंय. बाकीचं मैदानात दाखवावं लागंल."

एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, पण कंडक्टर अजून 'नगर, नगर'च ओरडतो. त्या एसटीने संघ गेला. सेमीफायनल कशीबशी जिंकली, तीही समोरच्या संघाच्या पोरी उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकून उशिरा पोचल्या, धड अंगही मोकळं न करता उतरल्या म्हणून. फायनलला पुन्हा तेच नगरचं कॉलेज आणि तीच तेरा नंबर.

पहिल्या अर्ध्या खेळात जे झालं ते सांगायलाही लाज वाटते. धनश्री आणि सुकन्या दोघी तेरा नंबरसमोर हात वर करून उभ्या राहायच्या. ती एक खांदा वळवायची आणि दोघींच्या मधून चेंडू टाकून मोकळी व्हायची. चेंडू हुकला तरी परत तिच्याच हातात. मध्यंतराला फळ्यावर आकडे होते एकतीस आणि सतरा.

सर पाण्याची बाटली चेपत उभे होते. ज्ञानेश्वरी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, आमाला पाचजणींना सोडा. मी, पंकजा, राजेश्वरी, भारती आन् पुष्पावती."

"पाचही बुटक्या?" सरांच्या तोंडून निघून गेलं.

"व्हय, बुटक्या. तुमी निस्तं उंच खेळवून बघितलं. चौदानं मागं हाय आपून. आता आमी अजून काय बिघडवनार?"

"अगं पण तेराला कोण अडवणार?"

"मी."

"ती सहा फूट आहे, ज्ञानेश्वरी."

"असू द्या. हुकलेला बॉल वर ऱ्हातो का सर? खालीच पडतो ना? तो पडंल तितं तिला येऊ दिलं न्हाई म्हंजे झालं."

"आणि ते कसं करणार?"

"आमच्याकडं टँकर येतो," ती म्हणाली.

सरांना काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं, ते नगरला नळाच्या पाण्यावर वाढलेले. ज्ञानेश्वरीचं गाव बोधेगावच्या अंगाला. उन्हाळ्यात टँकर आला की चाळीस बाया नळीवर तुटून पडायच्या. तिची आई लंकाबाई ड्रम ओढत येईपर्यंत नळीजवळची जागा धरून ठेवायचं काम नऊ वर्षांच्या ज्ञानेश्वरीचं. ढकललं तर शिव्या पडायच्या, हात लावला तर मार पडायचा. म्हणून ती पाय फाकवून खाली बसल्यासारखी उभी राहायची, बूड मागे टाकायची आणि मागच्या बाईच्या मांड्यांवर सगळा भार रेलायची. ताडमाड बायकांना तिला ओलांडता यायचं नाही, कारण ओलांडायला वाकावं लागायचं आणि वाकलं की तोल जायचा. दहा वर्षं तिने हेच केलं होतं. ड्रम एकदाही रिकामा गेला नाही.

सरांनी एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा टाळ्या पिटणाऱ्या नगरच्या पोरांकडे पाहिलं. "जा," ते म्हणाले. "व्हायचं ते होऊ दे."

पाचजणी उतरल्या तेव्हा प्रेक्षकांत हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "शाळेची सहल आली रे!" ज्ञानेश्वरीने तिकडे बघून हात जोडले आणि थेट तेरा नंबरच्या पोटाजवळ जाऊन तिला पाठ लावून उभी राहिली. तेरा नंबरला आधी गंमत वाटली. मग चेंडू हुकला, ती पुढे यायला निघाली, आणि तिच्या मांड्यांवर कोणीतरी गव्हाचं पोतं ठेवल्यासारखं झालं. डावीकडून गेली, पोतं डावीकडे. उजवीकडून गेली, पोतं उजवीकडे. चेंडू टप्पा खाऊन पडला तो पंकजाच्या हातात, आणि पंकजा गेली ती गेलीच.

"रेफ्री, ही ढकलतेय!" तेरा नंबर ओरडली.

रेफ्रीने पाहिलं. ज्ञानेश्वरीचे दोन्ही हात मोकळे, छातीपाशी. रेफ्रीने मान हलवली.

मग पळापळ सुरू झाली. या पाचजणी चेंडू हातात आला की थांबेचनात. नगरच्या उंच पोरी एका टोकाला पोचेपर्यंत चेंडू दुसऱ्या टोकाला गेलेला. राजेश्वरीने लांबून तीन-तीन गुणांच्या चार फेकी घातल्या. मघाशी हसणारी पोरं आता फळ्यावरचे आकडे मोजायला लागली. तेरा नंबर कमरेवर हात ठेवून धापा टाकायला लागली. सर तर बाकासमोर कबड्डीच्या गड्यासारखे मांड्या थोपटत होते.

चार मिनिटं राहिली तेव्हा फळ्यावर शेवगाव दोनने मागे होतं. आणि तेवढ्यात भारतीचा पाचवा फाऊल झाला. पाचव्या फाऊलला खेळाडू बाहेर. संघात सगळ्या मिळून सातच जणी. सुकन्या पहिल्या अर्ध्यातच पाय मुरगळून बाकावर बसलेली, उरली एकटी धनश्री. ती उठली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"हात वर..." सर सुरू झाले.

"सर, थांबा जरा," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि धनश्रीचा दंड धरून तिला बाजूला घेतलं. "हात खाली ठेव. उडी मारू नको. टँकरला कदी गेलतीस का?"

"गेलते की. आमच्या वस्तीवर आट दिवसांनी यायचा."

"मग नळीपाशी उभी ऱ्हायची तशी माझ्या शेजारी उभी ऱ्हा. मागून कुनी आलं तर जागा सोडायची न्हाई. बास."

धनश्रीचा चेहरा खुलला. महिनाभरात पहिल्यांदा तिला कोणीतरी कळेल असं काहीतरी सांगितलं होतं. हे आधी आपणच तिला का नाही सांगितलं, याची ज्ञानेश्वरीला चांगलीच लाज वाटली. रागाच्या भरात तीसुद्धा टेप लावूनच बघत होती तिच्याकडे.

त्या चार मिनिटांत दोघींनी बास्केटखाली जी भिंत घातली ती नगरच्या कोणालाच फोडता आली नाही. धनश्रीने एकही बास्केट मारलं नाही, एकदाही उडी मारली नाही, फक्त जागा सोडली नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा फळ्यावर बावन्न आणि एकोणपन्नास. बावन्न शेवगावचे. सरांनी टोपी काढून अशी फेकली की ती नंतर कोणालाच सापडली नाही.

तासाभराने निवड समितीने यादी वाचली. झाडाखाली टेबल, तिघे जण, मधे जाड चष्म्याचे अध्यक्ष. सोळा नावं. पहिलं नाव तेरा नंबरचं, तिचं नाव अश्लेषा. नववं नाव धनश्री. ज्ञानेश्वरी सोळाव्या नावापर्यंत श्वास धरून उभी होती. तिचं नाव आलंच नाही. पंकजाचं नाही, राजेश्वरीचं नाही. शिबिराला निघालेल्या सोळांत पाच फूट सहाच्या आतली एकही नव्हती.

"मला तर पास बी धड धरता येत न्हाई," धनश्री रडवेली होऊन म्हणाली.

ज्ञानेश्वरीला रडू आलं नाही, संताप आला. गर्जे सर पुढे व्हायला निघाले, तिने त्यांना हाताने मागे सारलं आणि टेबलापाशी गेली.

"सर, माझं नाव का न्हाई?"

अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाळ, तू छान खेळलीस. पण पुढे मोठमोठ्या विद्यापीठांचे संघ असतात. तिथे उंची लागते. वाईट वाटून घेऊ नकोस."

"वाईट न्हाई वाटत. राग येतोय. तुमी मॅच बघितली का माझी उंची बघितली?"

"हे बघ, यादी अंतिम आहे."

"मग ती बरोबर हाय का तेवढं बघू," ज्ञानेश्वरी म्हणाली. तिचा आवाज आता साऱ्या मैदानाला ऐकू जात होता. "तुमच्या यादीतल्या कुन्याबी पाच घ्या. तुमी सोडलेल्या पाच मी घेते. धा मिनिटं. आत्ता, इथंच. हारले तर परत तोंड उघडनार न्हाई."

"असा नियम नाही!"

"बुटक्यांना घ्यायचं न्हाई असा तरी कुठं हाय?"

माणसं जमायला लागली. चहावाला किटली घेऊन आला तो तिथेच थांबला. पंकजा आणि राजेश्वरी कोणी न सांगता बूट बांधून मैदानात जाऊन उभ्या राहिल्या. पुष्पावतीही गेली. मग पुणतांब्याकडची, कोणीच न विचारलेली एक ठेंगणी पोरगी आपल्या बाकावरून उठली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. पाच झाल्या.

समितीतल्या बाई अध्यक्षांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. "ठीक आहे," ते चिडून म्हणाले, "एकदाचं हिचं समाधान होऊन जाऊ दे. अश्लेषा, चल, चार जणी घे आणि उभी राहा."

अश्लेषा बाकावर मांड्यांना बर्फ चोळत बसली होती. ती हलली नाही.

"अश्लेषा!"

"सर, मी नाही," ती म्हणाली.

"दमलीस?"

"दमले नाही." तिने बर्फ खाली ठेवला. "दोन वर्षं मी बास्केटखाली खेळतेय, मला कोणी जागेवरून हलवलं नव्हतं. हिने आज वीस मिनिटं मला चेंडूला हात लावू दिला नाही. मी हिच्यासमोर परत उभी राहणार नाही. बाहेरच्या विद्यापीठाशी खेळायला मला माझ्या बाजूला हीच पाहिजे. ही नसेल तर माझंही नाव काढा."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. यादीवर बराच वेळ नजर फिरवली आणि शेवटी पेनचं टोपण काढलं.

"नाव सांग तुझं," ते ज्ञानेश्वरीला म्हणाले.

ज्ञानेश्वरीने खाली वाकून बुटाची नाडी आवळली. चेंडू उचलला, मैदानाच्या मधोमध गेली आणि तिथून म्हणाली, "नाव मागून लिवा सर. त्या चौघी बी लिवायच्या राहिल्यात. आदी धा मिनिटं खेळू द्या. पाठवा तुमच्या पाच."